केसाहून बारीक यंत्रं आणि आपण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात पुण्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

फळ्यावर आजचा विषय वाचून काहीजणींनी एकमेकींकडे पाहिलं, ते माझ्या नजरेतून सुटलं नाही. पोटगी, घरातली मारहाण, रेशन, पाणी हे आपले नेहमीचे विषय. त्यात हे सूक्ष्म-अभियांत्रिकीचं संशोधन नियतकालिक कुठून आलं? मी एम.एस.डब्ल्यू. केलेली कार्यकर्ती आहे, इंजिनिअर नाही. तरी गेली दोनेक वर्षं मी हे नियतकालिक चाळते आहे आणि आपण सगळ्यांनी मिळून ते चाळावं, असं सांगायला उभी राहिले आहे. कारण साधं आहे. ज्या यंत्रांशी आणि तपासण्यांशी आपण आज भांडतो, त्या पंधरा-वीस वर्षं आधी अशा एखाद्या नियतकालिकात छापून आलेल्या असतात. चोरून नव्हे, राजरोस. आपल्याला त्या कळतात दवाखान्यावर पाटी लागल्यानंतर.

आधी हे नियतकालिक काय आहे ते सांगते. नाव लांबलचक आहे: 'जर्नल ऑफ मायक्रोमेकॅनिक्स अँड मायक्रोइंजिनिअरिंग'. ते १९९१ साली इंग्लंडमधून सुरू झालं. तिथल्या भौतिकशास्त्रज्ञांच्या संस्थेची आयओपी ही प्रकाशनसंस्था ते काढते. सुरुवातीला ते आपल्या अंकासारखंच त्रैमासिक होतं, पुढे मासिक झालं. मायक्रो म्हणजे किती लहान? एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रोमीटर. आपल्या डोक्यावरचा केस साधारण सत्तर ते शंभर मायक्रोमीटर जाड असतो. त्या मापाचे पडदे, नळ्या, स्प्रिंगा, पंप बनवायचे, हे या शास्त्राचं काम. बनवायची रीत कॉम्प्युटरच्या चिपसारखीच: सिलिकॉनची चकती घ्यायची, प्रकाशानं तिच्यावर नक्षी उमटवायची आणि नको तेवढा भाग रसायनानं किंवा वायूनं कोरून काढायचा.

जुन्या अंकांच्या अनुक्रमणिका ओळीनं वाचत गेलं की गंमत दिसते. पहिल्या वर्षांतले विषय म्हणजे कारागिराची वही. सिलिकॉन सरळ कसा कोरावा, दोन चकत्या एकमेकींना कशा चिकटवाव्या, दाब मोजणारा पातळ पडदा कसा करावा, केसाच्या जाडीची मोटर फिरली की नाही. उपयोगाचं फार बोलणं नाही. नव्वदीच्या मध्यावर धक्का ओळखणारे संवेदक येतात, कारण मोटारीत एअरबॅग आली आणि टक्कर झाल्याचं कोणीतरी क्षणार्धात सांगायला हवं होतं. मग येतात बारीक नळ्या. त्यांतून रक्ताचा थेंब, पेशी, डीएनए वाहतो. 'चिपवरची प्रयोगशाळा' हा शब्द दोन हजार सालच्या आसपास जिकडेतिकडे दिसू लागतो. पुढे काच-सिलिकॉनच्या जागी रबरासारखं स्वस्त प्लॅस्टिक येतं. थरथरण्यातून वीज मिळवण्याची एक मोठी लाट येते. त्यानंतर न दुखणाऱ्या बारीक सुया, कागदावरच्या तपासण्या, अंगाला चिकटणारे संवेदक, त्रिमितीय छपाई. म्हणजे तीस-पस्तीस वर्षांत या शास्त्राची पावलं कारखान्याकडून शरीराकडे वळलेली दिसतात. आणि शरीर म्हटलं की मैत्रिणींनो, आपला संबंध आलाच. नव्या तंत्राची पहिली बाजारपेठ पुष्कळदा बाईच्या ओटीपोटाशी भरते.

आपला जुना अनुभव आठवून बघा. दिल्लीच्या एम्समध्ये १९७४-७५ च्या सुमारास गर्भजल तपासणीचे प्रयोग झाले ते गर्भातले दोष शोधण्यासाठी. डॉक्टरांनी त्यांवर लिहिलं, नियतकालिकात छापलं. तपासणीला येणाऱ्यांना दोषापेक्षा मुलगा की मुलगी यातच रस आहे, हे तेव्हाच डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. सरकारी दवाखान्यांत बंदी आली, खाजगी दवाखाने मोकळे राहिले. आत्ता थोडे पैसे घाला, पुढचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती ऐंशीच्या दशकात लागल्या तेव्हा कुठे चळवळीला खडबडून जाग आली. १९८५-८६ मध्ये मुंबईत विरोधी मंच उभा राहिला. १९८८ साली महाराष्ट्रानं देशातला पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून तो लागू झाला. म्हणजे प्रयोगापासून कायद्यापर्यंत वीस वर्षं. तोवर गर्भजलाची सुई मागे पडून सोनोग्राफी गावोगाव पोचली होती. २००० साली सेहत, आपल्या पुण्याची मासूम आणि डॉ. साबू जॉर्ज यांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा अंमलबजावणी जरा हलली. २००३ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि गर्भधारणेच्या आधीची लिंगनिवडही त्यात आली. त्या काळात महाराष्ट्रात काय घडलं हे जनगणनाच सांगते: सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४.

आता याच गोष्टीचा पुढचा अध्याय बघा. सोनोग्राफीच्या जुन्या यंत्रात आवाजाच्या लहरी सोडायला विशिष्ट स्फटिक लागतो. तो महाग, त्याची जोडणी किचकट. १९९४ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात एका गटानं स्फटिकाऐवजी सिलिकॉनच्या चकतीवरच अगदी बारीक ढोल बसवले. प्रत्येक ढोलाचा पडदा विजेनं थरथरतो आणि लहर सोडतो. परतणारी लहर त्याच्यावर आदळली की पुन्हा वीज. कल्पना खरोखर सुंदर आहे, ते नाकारायचं कारण नाही. पुढची वीस वर्षं या आणि अशा इतर नियतकालिकांत या ढोलांवर निबंध येत राहिले. पडदा किती पातळ असावा, खालची पोकळी कशी बंद करावी, विजेचा दाब कमी कसा करावा. २०१७ साली एका अमेरिकन कंपनीनं हजारो असे ढोल एका चिपवर बसवून मुठीत मावणारं, मोबाइलला जोडता येणारं सोनोग्राफी यंत्र बाजारात आणण्याची परवानगी मिळवली. किंमत दोन हजार डॉलरच्या आत.

खेड्यातल्या बाळंतिणीचा जीव अशा यंत्रानं वाचू शकतो. वार खाली आहे का, मूल आडवं आहे का, जुळं आहे का हे आरोग्य केंद्रातच कळलं तर शहराकडे धावायला वेळ मिळतो. मी सांगते त्याचा अर्थ यंत्र वाईट असा कोणी घेऊ नये. पण आपला कायदा टिकून आहे तो यंत्राच्या आकारावर, हे आपण कधी मोठ्यानं बोललो नाही. यंत्र जड आहे, खोलीत आहे, खोलीला नोंदणी आहे, नोंदणीचा कागद भिंतीवर आहे, रजिस्टर टेबलावर आहे. तपासणीला अधिकारी जातात ते त्या खोलीत जातात. २०१२ साली नियम बदलून, हलवता येणारी यंत्रं फक्त नोंदणीकृत दवाखान्यात किंवा फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरायची असं बंधन घातलं गेलं. बंधन योग्यच आहे. पण तेव्हा 'हलवता येणारं' म्हणजे पिशवीत मावणारं होतं. जे पदराआड मावतं त्याच्यासाठी रजिस्टर कोण तपासणार? कोल्हापुरात २०१० च्या सुमारास सोनोग्राफी यंत्राला देखरेखीचं उपकरण जोडण्याचा प्रयोग झाला, तेव्हा आपल्यातच वाद झाले. हे चोर पकडणार की गरोदर बाईवरच पाळत ठेवणार, हा त्यातला मुद्दा अजून जिवंत आहे. उद्या त्याचीच मोबाइलमधली आवृत्ती येईल, आणि तेव्हा आपल्याला बाजू घ्यायला एक आठवडासुद्धा मिळणार नाही.

दुसरं उदाहरण गोठ्यातलं आहे. इथे ग्रामीण भागातून आलेल्या बायका आहेत, त्यांना हे माझ्याहून नीट ठाऊक असेल. कालवडच व्हावी म्हणून लिंगनिर्धारित रेतमात्रा आता महाराष्ट्रात मिळतात. सांगली जिल्ह्यात भिलवडीच्या चितळे मंडळींनी जीनस एबीएस या परदेशी कंपनीशी भागीदारी करून त्यांचा व्यवसाय उभा केला. त्या कंपनीच्या तंत्रात शुक्राणू केसाहून बारीक नळीतून एकेक करून पुढे सरकतात, प्रत्येकाची ओळख पटवली जाते आणि नराकडे नेणाऱ्यावर लेसर मारून तो निकामी केला जातो. दहातल्या नऊ वेळा कालवड, असा दावा असतो. ही नळी आणि ही छाटणी म्हणजे सूक्ष्म-अभियांत्रिकीच. पेशी वेगळ्या करण्याचे निबंध त्या नियतकालिकात जवळजवळ प्रत्येक वर्षी सापडतात.

गोठ्यात मादी हवी कारण ती दूध देते. घरात मात्र नर हवा. त्याच नळीत लेसरची निशाणी बदलली की झालं! शेतकऱ्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही, गोऱ्हा पोसणं त्याला परवडत नाही. पण छाटणीचं तंत्र एकदा स्वस्त आणि हाताशी झालं की ते गोठ्याची वेस ओलांडणार नाही, असं कोण म्हणेल? २००३ साली मिशिगन विद्यापीठातल्या गटानं हलणारे आणि न हलणारे शुक्राणू वेगळे करणारी चिप मांडली. ती वंध्यत्वाच्या उपचारासाठी होती, लिंगनिवडीसाठी नाही. आज तशा चिप वंध्यत्वाच्या दवाखान्यांत वापरल्या जातात. आपल्या कायद्यात गर्भधारणेपूर्वीची निवड गुन्हा आहे हे खरं, पण तो गुन्हा सिद्ध करायला लागणारं ज्ञान आपल्या जिल्ह्याच्या सल्लागार समितीत कोणाकडे आहे? त्या समितीवर आपल्यातल्याच काहीजणी बसतात. त्यांना विचारा, बैठकीत शेवटचं तांत्रिक टिपण कधी आलं होतं.

हे ऐकून विज्ञानच नको असं कोणाला वाटत असेल तर थांबा. तिसरं उदाहरण मी मुद्दाम आणलं आहे.

टीबी झालेल्या बाईचं काय होतं ते वस्तीत काम करणारीला सांगायला नको. खोकला लपवायचा, थुंकी तपासायला दवाखान्यात दोनदा-तीनदा जायला मजुरी बुडवायची, निदान झालंच तर माहेरी धाडणं. सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळ केसेस हुकतात, आणि डीएनएची मोठी यंत्रं वातानुकूलित खोली मागतात. गोव्याच्या मोलबायो आणि बंगळूरच्या बिगटेक या कंपन्यांनी बरीच वर्षं खपून ही तपासणी बोटाच्या पेरावर मावणाऱ्या चिपवर आणली. तिचं नाव ट्रूनॅट. बॅटरीवर चालते, प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येते, निकाल त्याच दिवशी. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेनं तिची शिफारस केली. त्याच वर्षी कोविडच्या तपासणीलाही ती धावून आली. इथे प्रश्न आधी होता, आपल्या मातीतला होता आणि मग यंत्र लहान केलं गेलं.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचंही तेच व्हायला हवं. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांवर मोठा अभ्यास झाला. बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून तो केला. २००९ मध्ये एका नामांकित अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी केली तरी या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे होतात, हा त्याचा निष्कर्ष. ज्यांना तपासणीच मिळाली नाही त्या गटातल्या बायकांचं काय, यावर नंतर वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण मला बोचतं ते वेगळंच. सोलापूर-धाराशिवच्या बायकांच्या शरीरातून निघालेलं हे ज्ञान त्याच बायकांच्या भाषेत किती पोचलं? आणि ती तपासणी उपकेंद्रात नेणारी स्वस्त चिप हा जगभरच्या सूक्ष्म-अभियंत्यांचा पहिल्या पसंतीचा विषय का झाला नाही?

विषय कोण ठरवतं हे शोधायला मी निबंध उलट्या बाजूनं वाचते. आधी शेवटचा परिच्छेद, 'आभार'. तिथे पैसा कोणी दिला ते लिहिलेलं असतं. नव्वदीच्या सुरुवातीला या क्षेत्रात मोठा पैसा ओतला तो अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन विभागानं. आपल्याकडे २००० नंतर जो राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला, त्याची सूत्रं संरक्षण आणि विमानशास्त्राच्या संस्थांकडे होती. बाकीचा पैसा मोटारी, मोबाइल आणि औषध कंपन्यांचा. मग क्षेपणास्त्राची दिशा सांगणारा संवेदक आधी होतो आणि उपकेंद्रातली चिप मागून येते, यात शास्त्रज्ञ दुष्ट आहेत असं काही नाही. ज्याची थैली त्याचा प्रश्न.

लेखकांत बायका किती, हेही मला मोजायचं होतं. जुन्या अंकांत ते जमत नाही. तिथे पहिलं नाव छापतच नाहीत, फक्त आद्याक्षर आणि आडनाव. शास्त्र कोणी केलं हे महत्त्वाचं, बाई की पुरुष हे नाही, अशी त्यामागची उदार समजूत असेल. पण जिचं नाव आद्याक्षरात बुडालं तिची गैरहजेरीही त्याच आद्याक्षरात बुडते.

निबंधात आणखी एक माणूस दिसत नाही: हातानं काम करणारा. 'नमुना हायड्रोफ्लोरिक आम्लात पाच मिनिटं बुडवला' अशी वाक्यं या शास्त्रात रोजची आहेत. हे आम्ल कातडीतून आत शिरतं, हाडापर्यंत जातं, रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं. बुडवणारे हात कोणाचे? प्रयोगशाळेत विद्यार्थ्याचे, कारखान्यात बहुतेक वेळा तरुण मुलींचे, कारण 'बायकांची बोटं नाजूक आणि त्या युनियन करत नाहीत'. अमेरिकेत १९८६ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या चिप-कारखान्यातल्या बायकांचा अभ्यास केला. काही विभागांत गर्भपाताचं प्रमाण चढं निघालं. कंपन्यांच्या संघटनेनं स्वतः करवलेल्या अभ्यासातही १९९२ मध्ये तेच आलं. ग्लायकॉल ईथर नावाच्या द्रावकांकडे बोट गेलं. अमेरिकेत ती द्रावकं मागे पडत गेली आणि दरम्यान बरेचसे कारखाने आशियात आले. दक्षिण कोरियात सॅमसंगच्या कारखान्यात काम केलेली ह्वांग यू-मी २००७ साली ल्युकेमियानं गेली. तिचे टॅक्सी चालवणारे वडील अकरा वर्षं लढले, तेव्हा २०१८ च्या नोव्हेंबरात कंपनीनं जाहीर माफी मागितली.

आता चिपचे कारखाने भारतात आणायची धावपळ चालू आहे. सरकारनं २०२१ मध्ये त्यासाठी मोठी योजना जाहीर केली. रोजगार येतोय म्हणून आपण टाळ्या वाजवू, वाजवायलाही हव्यात, आपल्या मुलींना नोकऱ्या हव्यातच. पण गाऊन आणि मास्क घालून बसलेल्या त्या मुलीच्या फोटोखाली ती कोणतं द्रावक हाताळते हे लिहिलेलं नसतं. रांजणगाव-चाकणकडे काम करणाऱ्या गटांनी रसायनांची यादी मागायला आत्तापासून शिकावं. धोका कमी करणारं संशोधनही होतं, अगदी आपल्या दारात. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अमोल कुलकर्णी बारीक नळ्यांत रासायनिक प्रक्रिया घडवण्यावर काम करतात. त्यांना २०२० साली भटनागर पुरस्कार मिळाला. मोठ्या पिंपाऐवजी नळीत एका वेळी थोडंच द्रव्य असतं, त्यामुळे स्फोटाची, गळतीची भीती कमी. कुरकुंभ-रोह्याच्या कामगारांच्या घरी राहणाऱ्या बायकांना याचं मोल सांगावं लागणार नाही.

आता थोडं छपाईच्या धंद्याबद्दल, कारण तिथेही बायका भरडल्या जातात. असं नियतकालिक लेखकाला मानधन देत नाही. निबंध तपासणारेही फुकट तपासतात. पूर्वी वाचनालयानं भरमसाट वर्गणी भरायची. आता नवी रीत वाढते आहे: वाचायला फुकट, पण छापायला लेखकानंच पैसे मोजायचे, तेही डॉलर-पौंडांत. इकडे प्राध्यापकाची नोकरी, बढती, पीएच.डी. सगळं छापील निबंधांच्या संख्येला टांगलेलं. मग मधल्या मधे दुकानं उघडतात. दोन-चार हजार रुपये द्या, आठ दिवसांत निबंध 'आंतरराष्ट्रीय' नियतकालिकात.

या दुकानांचा हिशेब आपल्या पुण्यातच मांडला गेला, याचा मला अभिमान वाटतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ नियतकालिकं डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. 'करंट सायन्स'मध्ये मार्च २०१८ ला निष्कर्ष आला: ८८ टक्क्यांहून जास्त कमअस्सल. खोटे क्रमांक, खोटे पत्ते, खोटी मानांकनं. मेमध्ये आयोगानं ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली. नव्या, 'केअर' नावाच्या यादीचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे आलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगानं ती यादीही बंद केली आणि निवडीची जबाबदारी पुन्हा विद्यापीठांवर, अध्यापकांवर टाकली. म्हणजे दुकानदार मोकळे, आणि सावध राहायचं ओझं सगळ्यात खालच्या पायरीवरच्या शिक्षिकेवर.

आमच्या सल्लाकेंद्रात अशी एक शिक्षिका येत असे. पुण्याबाहेरच्या एका खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयात ती कंत्राटी होती. बारीक संवेदकांवर पीएच.डी. चालू होती. आली होती नवऱ्याच्या मारहाणीसाठी. बोलता बोलता कळलं, की वादाचं एक कारण छपाईचे पैसे. पगार बारा महिन्यांतले आठ महिने मिळायचा, त्यातून निबंधाची फी भरली म्हणून घरात आदळआपट. प्रयोगशाळा संध्याकाळी सहाला बंद, आणि दुसऱ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत यंत्र वापरायला जायचं तर रात्र बाहेर काढावी लागते. ती कोण काढू देणार? गरोदरपणात आम्लाच्या खोलीत जाणं तिनं स्वतःच थांबवलं, तर मार्गदर्शकानं ते आळसात जमा केलं. बाळंतपणासाठी २४० दिवसांची रजा पीएच.डी. करणारीला आहे, हे २०१६ च्या नियमांत लिहिलेलं आहे. तिला ते कोणी सांगितलं नव्हतं. केंद्रातल्या ताईंनी नियमाची प्रत काढून तिच्या हातात दिली. मारहाणीचा अर्ज आणि रजेचा अर्ज आम्ही एकाच दुपारी लिहिले.

वाचायचं म्हटलं तरी अडचण आहेच. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांचे ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं, ६,३०० सरकारी संस्था. चांगली गोष्ट आहे. पण पुण्यातली बहुसंख्य अभियांत्रिकी महाविद्यालयं खाजगी आहेत, ती पहिल्या टप्प्यात नाहीत. आपल्यासारख्या संस्थांचा तर विचारच नाही. करदात्या बाईच्या पैशानं घेतलेली वर्गणी, आणि तिच्या शरीराबद्दलचा निबंध तिच्या संघटनेला उघडत नाही! ही मागणी आपण लेखी करायला हवी: जिल्हा ग्रंथालयात एक संगणक, ज्यावर कोणीही बसून वाचू शकेल.

तोवरही हात बांधलेले नाहीत. प्रत्येक निबंधाचा सारांश फुकट असतो, साधारण दोनशे शब्दांचा. त्यातला शेवटचा भाग, 'याचा उपयोग अमुक ठिकाणी होईल', तेवढा वाचला तरी पुरतं. मी आणि विद्यापीठातली एक मैत्रीण महिन्यातून एक रविवार बसतो. ती शब्द सोडवते, मी प्रश्न विचारते. तिला माझे प्रश्न आधी बाळबोध वाटायचे. एकदा मी विचारलं, अंगाला चिकटणारा हा संवेदक मोजमाप करून ती माहिती पाठवतो कुणाला? त्यावर तिनं निबंध पुन्हा उघडला, आणि त्याचं उत्तर निबंधात नव्हतं. पाळी, गर्भधारणा, झोप मोजणाऱ्या उपकरणांबद्दल हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा असतो. सासू, नवरा, मालक, विमा कंपनी, यांतलं कोण?

आज मी सहा सारांशांचं मराठी करून आणलं आहे. दोन सोनोग्राफीच्या ढोलांचे, दोन पेशी छाटण्याचे, एक सुईचा, एक थुंकीच्या तपासणीचा. प्रती मागच्या टेबलावर आहेत. भाषांतरात 'संवेदक' लिहू की 'सेन्सर', यावर अजून आमचं एकमत झालेलं नाही. चहानंतर गट पडतील तेव्हा प्रत्येक गटानं एक घ्यावा. ज्यांना जिल्हा सल्लागार समितीच्या बैठकीला पुढच्या महिन्यात जायचं आहे त्यांनी पहिले दोन घ्या, आणि २०१२ च्या नियमाची प्रतही सोबत ठेवा.